राखीव जागा, उच्च शिक्षणातील

ज्या जातिजमातींना विद्येचे द्वार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, त्यांना विद्यापीठांत आणि तद्द्वारा अधिकारपदांत वाजवी हिस्सा मिळावा, या हेतूने भारतात राखून ठेवलेल्या प्रवेशजागा. मद्रास इलाख्यातील जातवार वाटणी सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात रद्दबातल ठरविताच, त्याच वर्षीच्या पहिल्या घटनादुरुस्तीने मागास वर्गांसाठी खास तरतुदीची मुभा देणारा अनुच्छेद १५(४) दाखल झाला. ही तरतूद दहा वर्षांपुरतीच होती, हा समज सुशिक्षितांतही रूढ असला तरी साफ चुकीचा आहे. ती मुदत अनुच्छेद ३३४ अन्वये लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांना होती. गुणवत्तेचा बळी जातो हा आक्षेपही तितकाच उथळ, कारण सवलत प्रवेशापुरती असून एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेत, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून निदान सांगताना, उत्तीर्णतेची कसोटी सर्वांस एकच असते.