शीतोपचार, नवजात अर्भकांवरील

प्रसूतीच्या सुमारास मेंदूला प्राणवायू व रक्त कमी पडल्याने होणारी इजा आटोक्यात ठेवण्यासाठी अर्भकाचे शरीर-तापमान ३३° ते ३४° से.पर्यंत उतरवून ७२ तास तेवढेच राखण्याची उपचारपद्धती.

इजेचे स्वरूप : वार वेळेआधी सुटणे, नाळ दाबली जाणे, गर्भाशय फाटणे, बाळंतपण अडणे ही प्रमुख कारणे. इजा दोन टप्प्यांत होते. प्राणवायू तुटताच काही चेतापेशी मरतात. श्वास व रक्ताभिसरण पूर्ववत झाल्यावर उरलेल्या पेशींतील ऊर्जानिर्मिती काही तास सावरते. पुढे ती पुन्हा ढासळते, झटके येऊ लागतात आणि पेशींचा नाश कित्येक दिवस चालू राहतो. उपचाराला वाव मिळतो तो मधल्या अवधीत. म्हणून जन्मापासून ६ तासांच्या आत शीतन सुरू करतात.

निवड : गर्भकाळाचे किमान ३६ आठवडे पूर्ण झालेले असावे लागतात (काही केंद्रे ३५ धरतात). दहाव्या मिनिटाला अपगार गुणांक ५ किंवा कमी असणे, तोवर कृत्रिम श्वास चालू ठेवावा लागणे किंवा पहिल्या तासात रक्ताचा सामू ७·० अथवा त्याखाली असणे हे प्राणवायूच्या अभावाचे निदर्शक मानतात. त्यासोबत मेंदूविकाराची मध्यम वा तीव्र लक्षणे आवश्यक असतात. त्यांची प्रतवारी सार्नाट दांपत्याने १९७६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणावरून करतात. सौम्य विकारात शीतन करावे की नाही, याबाबत एकमत नाही.

पद्धती : उष्णता देणारा वॉर्मर बंद करून बाळाला थंड पाणी खेळवलेल्या गादीवर ठेवतात. गुदमार्गात बसवलेला तापमापक सतत आतले तापमान दाखवतो व त्यानुसार यंत्र पाणी गार-गरम करते. तापमान ३३° से.खाली गेल्यास हृदयगती व रक्त गोठण्याची क्रिया बिघडण्याचा धोका वाढतो. थंडीने थरथरणाऱ्या बाळाला मॉर्फीनसारखे वेदनाशामक देतात. ७२ तासांनंतर तापमान तासाला अर्ध्या अंशाहून अधिक वाढू देत नाहीत.

पुरावा : ऑकलंड येथे गन व ग्लकमन यांनी मेंढीच्या गर्भांवर केलेल्या प्रयोगांतून या पद्धतीला आधार मिळाला. २००५ मध्ये ‘कूलकॅप’ व अमेरिकेतील शंकरन यांच्या चाचण्या, तर २००९ मध्ये ब्रिटनमधील ‘टोबी’ चाचणी प्रसिद्ध झाली. २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ११ चाचण्यांतील १,५०५ अर्भकांचा समावेश होता; ७ अर्भकांवर शीतन केल्यास त्यांपैकी एकाचा मृत्यू किंवा मोठे अपंगत्व टळते, असा त्याचा निष्कर्ष आहे.

‘हेलिक्स’ चाचणीने (२०२१) मात्र वेगळे चित्र दाखवले. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील ७ रुग्णालयांत ४०८ अर्भकांवर ती झाली. मुंबईचे शीव रुग्णालय त्यांपैकी एक. मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्वाचे प्रमाण शीतन केलेल्या गटात ५०%, इतरांत ४७% होते. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे ४२% व ३१% होते. इजा प्रसूतीआधीच होऊन गेलेली असणे, जंतुसंसर्ग, उशिरा दाखल होणे अशी स्पष्टीकरणे पुढे आली आहेत. कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा उपचार करू नये, असे चाचणीकर्त्यांचे मत आहे. भारतातील काही सुसज्ज नवजात अतिदक्षता विभागांत तो चालू आहे.

भारतीय साधने : वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाची गादी वापरात आली, तिला अखंड वीज लागत नाही.

औषधे : एरिथ्रोपोएटिनची शीतनाला जोड दिल्याने २०२२ च्या ‘हील’ चाचणीत लाभ दिसला नाही.

प्रतिबंध व प्राथमिक काळजी : मेलेल्या पेशी शीतनाने परत येत नाहीत, म्हणून जन्मानंतरचे पहिले मिनिट निर्णायक ठरते. न रडणाऱ्या बाळाला कोरडे करून, डोके योग्य स्थितीत ठेवून, श्वास सुरू न झाल्यास त्या मिनिटाच्या आत पिशवी व मुखवट्याने हवा देणे हे प्रत्येक प्रसूतिगृहात शक्य आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात परिचारिका व डॉक्टरांना हेच प्रशिक्षण दिले जाते. पुढील काही दिवस ताप येऊ न देणे, रक्तशर्करा राखणे व झटक्यांवर फिनोबार्बिटोन देणे हे उपाय शीतनाची सोय नसलेल्या ठिकाणीही लागू पडतात.