वीज : चमकणारी, पडणारी, जाणारी

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी वसलेली आहे. दत्तस्थान म्हणून तिची ख्याती सर्वदूर आहे; येथे मात्र तिचे स्मरण भाषेच्या निमित्ताने होत आहे. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने या भागात मराठी व कानडी शेजारी नांदतात. आभाळात लखलखते तिला कानडी माणूस ‘मिंचु’ म्हणतो, भूमीवर कोसळते तिला ‘सिडिलु’. मराठीने दोहोंसाठी एकच शब्द ठेवला. संस्कृत ‘विद्युत्’ प्राकृतात ‘विज्जु’ झाला आणि आपल्याकडे ‘वीज’ होऊन आला. ती चमकते की पडते, हे क्रियापदाने सांगायचे.

विसाव्या शतकात या शब्दावर तिसरा भार पडला. १९१५ साली खोपोलीहून मुंबईला वीज मिळू लागली, १९६२ साली कोयनेची वीज आली. कोयनेचे जे पाणी पश्चिमेकडे वळवले जात नाही, ते कराडला कृष्णेत मिसळून पुढे वाडीच्या घाटाला लागते. वीज आता ‘येऊ’ आणि ‘जाऊ’ लागली. वीज पडली म्हणून वीज गेली, हे वाक्य आपल्या पणजोबांना कोडेच वाटले असते!

लाक्षणिक अर्थही पुष्कळ. दुःखद वार्ता येते तेव्हा डोक्यावर वीज कोसळते. चपळ माणूस विजेसारखा असतो. परंतु ‘वीज पडो तुझ्यावर’ हा शापही आपल्याच भाषेत आहे. वळिवाच्या दिवसांत शेतात झाडाखाली थांबलेला माणूस खरोखरच दगावला, तर कोणाचा तरी शाप भोवला अशी कुजबुज त्याच्या घरापर्यंत पोहोचते. तो पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला असला, तर विचारायलाच नको. पायाळूवर वीज पडते, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. वीज उंच, एकाकी वस्तू गाठते. जन्माची चौकशी करीत नाही.

इतरांना हसण्याचे आपल्यालाही कारण नाही. युरोपात वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवीत. विजा मोडण्याचे ब्रीद घंटेवर लॅटिनमध्ये कोरलेले असे. मरत ते दोर ओढणारेच. १७८४ साली म्युनिकला प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात ३३ वर्षांत असे १०३ घंटावादक दगावल्याची नोंद आहे. फ्रँकलिनचा तडितरक्षक तोवर तीस वर्षांचा जुना झाला होता.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून अधिक पापी होती काय, हा प्रश्न प्रभूने स्वतःच विचारला आणि स्वतःच नाकारला. वीज पडून गेलेल्याच्या अंत्यविधीला मी हाच उतारा वाचतो.