वाशिमच्या जिनातील सुट्टी: जमीन निजामाची, अंमल इंग्रजांचा, कायदा कोणाचा?

१/ परमुलखात माणसे कामावर ठेवायची, तर त्यांचे तास आणि सुट्ट्या कोणत्या कायद्याने ठरतात? आज परदेशात भरती करणाऱ्या कंपन्यांपुढचा हा प्रश्न एकेकाळी वाशिमच्या कापसापुढेही उभा होता. कारण तेव्हाचे वाशिम कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच!

२/ १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. सार्वभौमत्व मात्र निजामाकडेच राहिले. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, तरी मालकी पालटली नाही. तेव्हाचा 'बासिम' जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि वाशिम अकोल्यात गेले.

३/ याचा परिणाम असा, की कलकत्त्यात संमत झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. त्यासाठी गव्हर्नर जनरलला वेगळा हुकूम काढावा लागे. मुंबईत गिरणी चालवणाऱ्याने कारंजा किंवा वाशिमला जिन उघडला, तर तो कायद्याने दुसऱ्याच मुलखात पाऊल टाकत होता.

४/ ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा १८८१ चा. मुख्य रोख बालकामगारांवर. त्यांना ९ तासांची मर्यादा आणि महिन्याला ४ सुट्ट्या. प्रौढांच्या वाट्याला काहीच नाही. ती उणीव हेरून नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना उभे केले. १८९० मध्ये गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात ती आली.

५/ मग ती सुट्टी जिनापर्यंत पोहोचली का? इथे दुसरी भिंत होती, ती व्याख्येची. वर्षातून किमान चार महिने चालेल तोच 'कारखाना'. सरकी काढण्याचे काम कापसाच्या हंगामापुरते. चार महिन्यांच्या आत ज्याचा हंगाम आटोपे, तो जिन व्याख्येत बसतच नसे.

६/ १९११ च्या कायद्याने हंगामी कारखाने आत घेतले. पण त्याच कायद्याने स्त्रियांना रात्रपाळीची बंदी घालताना जिनिंग-प्रेसिंगला सवलत ठेवली. जिनात कापूस घालण्याचे काम मुख्यतः बायकांचे. म्हणजे संरक्षण आले, ते नेमके त्यांना वगळून.

७/ १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी. इतरांसाठी आठवड्याला ४८ तास ठरले, हिंदुस्थानसाठी ६०. करारातील शब्दही 'ब्रिटिश हिंदुस्थान' असेच होते. १९२२ च्या कायद्यात हे ६० तास उतरले.

८/ १९३४ च्या कायद्याने पुन्हा दोन वर्ग पाडले. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास, हंगामी कारखान्यात ६०. हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग नावानिशी होते.

९/ स्वातंत्र्यानंतर निजामाची मालकी इतिहासजमा झाली. १९४८ चा कारखाना कायदा आला. हंगामी-बारमाही हा तासांमधील भेद मिटला आणि आठवड्याला ४८ तास झाले. पगारी वार्षिक रजाही त्यात होती. पण १९५४ च्या दुरुस्तीने तिला वर्षात २४० दिवस कामाची अट आली. चार-सहा महिन्यांच्या हंगामात २४० दिवस भरणार कसे?

१०/ २०२० च्या संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. चार महिन्यांच्या हंगामाला तीही दूरच.

११/ आज वाशिमचा कोणी तरुण परदेशी कंपनीसाठी घरी बसून काम करत असेल, तर त्यालाही दोन प्रश्न विचारावे लागतात. आपण कोणत्या कायद्याखाली आहोत? आणि त्या कायद्याच्या व्याख्येत आपण 'कामगार' आहोत का? पहिल्याचे उत्तर नकाशा पाहून मिळते. जिनातील बायकांना रजेपासून दूर ठेवले, ते मात्र कामाच्या दिवसांच्या अटीने.