एका गोळीनं अडवलेली दुसरी गोळी

पेनिसिलिनमुळे जिवाणूंचा बंदोबस्त झाला, त्यामागे एक सोय होती. जिवाणूच्या पेशीभोवती एक विशिष्ट भिंत असते आणि माणसाच्या पेशीला ती नसते. तेवढी भिंत बांधू दिली नाही की जिवाणू मरतो आणि रोगी बचावतो. बुरशीच्या बाबतीत ही सोय फारशी मिळत नाही. उत्क्रांतीच्या वंशावळीत बुरशी झाडांपेक्षा आपल्याला अधिक जवळची आहे. तिच्या पेशीतली बरीचशी यंत्रणा आपल्यासारखीच चालते, त्यामुळे तिच्यावर सोडलेलं औषध आपल्यालाही लागण्याची धास्ती असते. बुरशीविरोधी औषधांचा सगळा इतिहास या धास्तीभोवती फिरतो.

१९५० साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी मातीतल्या एका जिवाणूपासून निस्टॅटिन मिळवलं. ते शिरेतून देण्याजोगं नव्हतं, म्हणून त्याचा उपयोग त्वचा, तोंड आणि आतडं यांपुरताच राहिला. त्याच दशकात अँफोटेरिसिन बी आलं. शरीरात खोलवर पसरलेल्या बुरशीवर ते चालत होतं, पण ते सलाइनमधून द्यावं लागे, थंडी वाजून ताप येई आणि मूत्रपिंडांना इजा होई. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत महाराष्ट्रातल्या कितीतरी नातेवाइकांनी ज्या इंजेक्शनसाठी वणवण केली, ते हेच औषध. ग्रिसिओफुल्विनची गोळी १९५८ च्या सुमारास आली, पण ती गजकर्णासारख्या त्वचा-नखांच्या रोगांपलीकडे जात नव्हती.

म्हणूनच १९८१ मध्ये अमेरिकेत केटोकोनॅझोलच्या गोळीला मान्यता मिळाली तेव्हा डॉक्टरांना हायसं वाटलं असणार. अनेक प्रकारच्या बुरशीवर चालणारं औषध आता तोंडानं घेता येत होतं. फुप्फुसातल्या गंभीर संसर्गाला ते दिलं जाई, तसंच नखांच्या बुरशीलाही.

या गोळीचं काम कसं चालतं? बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. आपल्याकडे त्या जागी कोलेस्टेरॉल असतं. एर्गोस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम केटोकोनॅझोल बंद पाडतं. पण ते एन्झाइम ज्या कुळातलं, त्याच कुळातली एन्झाइम माणसाच्या यकृतातही असतात. आपण घेतलेल्या बहुतेक औषधांची मोडतोड करून ती बाहेर घालवण्याचं काम त्यांच्याकडे असतं. केटोकोनॅझोल त्यांतल्या एका महत्त्वाच्या एन्झाइमलाही अडवतं.

याचा अर्थ काय, ते १९९० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका नोंदीतून पुढे आलं. ३९ वर्षांची एक स्त्री सर्दी-अ‍ॅलर्जीसाठी टर्फेनाडिन घेत होती. झोप न आणणारी गोळी म्हणून तिचा मोठा खप होता. त्यात योनिमार्गातल्या बुरशीसाठी केटोकोनॅझोलची भर पडली आणि त्या बाईच्या हृदयाचे ठोके जीवघेण्या रीतीनं बिघडले. मूळ टर्फेनाडिन हृदयाला घातक असतं. एरवी ते कळत नाही, कारण पोटातून रक्तात शिरतानाच आतडं आणि यकृत मिळून त्याचं रूपांतर दुसऱ्या, निरुपद्रवी द्रव्यात करतात. केटोकोनॅझोलनं तेच रूपांतर अडवलं होतं, म्हणून मूळ औषध रक्तात साठत गेलं.

यातून दोन गोष्टी झाल्या. यकृतात तयार होणारं ते निरुपद्रवी द्रव्य, म्हणजे फेक्सोफेनाडिन, स्वतंत्र औषध म्हणून १९९६ मध्ये बाजारात आलं. आपल्याकडे अ‍ॅलेग्रा म्हणून मिळते ती हीच गोळी. टर्फेनाडिन १९९८ पर्यंत अमेरिकेच्या बाजारातून गेलं. केटोकोनॅझोलची गोळी मात्र टिकून राहिली. त्या गोळीनं यकृताला होणारी इजा आधीपासून माहीत होती, तरी तिच्यावर मोठी कात्री चालायला २०१३ चा जुलै उजाडला. युरोपच्या औषध नियामकानं बुरशीसाठी ही गोळी थांबवण्याची शिफारस केली. अमेरिकेच्या नियामकानं बजावलं, की कुठल्याही बुरशीसाठी ही पहिली निवड नसावी आणि त्वचा-नखांसाठी तर ती देऊच नये. केटोकोनॅझोलचं मलम आणि शाम्पू यांना हा नियम लागू झाला नाही, कारण त्यांतून औषध रक्तात जवळजवळ उतरत नाही.

हा इतिहास आज भारतात कामाचा आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचं गजकर्ण चिवट झालं आहे. टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या बुरशीच्या एका प्रकाराला तर २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं भारताची आठवण देणारं नाव मिळालं. चिठ्ठीशिवाय घेतलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं खाज तेवढी थांबवतात आणि आत बुरशी पसरू देतात. मग गोळ्यांची पाळी येते. पुष्कळदा ती गोळी इट्राकोनॅझोलची असते आणि ती आठवडेच्या आठवडे चालते.

इट्राकोनॅझोल हे केटोकोनॅझोलचं धाकटं भावंड. यकृतातलं तेच एन्झाइम तेही अडवतं. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यानं ते सोबत घेतलं तर स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. हृदय कमजोर असलेल्यांना नुसत्या नखांच्या बुरशीसाठी ते देऊ नये, असा इशारा २००१ पासून आहे. त्याची साधी कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची असते, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत असेल तर औषध नीट शोषलं जात नाही. जेवण सोडून उठण्याइतका थकवा, गडद लघवी, पिवळे डोळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

टर्फेनाडिनच्या वेळी दोन्ही गोळ्या आपापल्या जागी ठीक होत्या. त्या एकाच शरीरात एकत्र आल्या हे घातक ठरलं. त्वचेच्या डॉक्टरांना आपली बीपीची, कोलेस्टेरॉलची, झोपेची गोळी आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. चट्टे दाखवायला जाताना घरातल्या औषधांची पिशवीच सोबत न्यावी.