अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन : आख्यायिका, उपासना आणि गोवे

प्रस्तावना

आरंभीच्या ख्रिस्ती स्त्री-संतांमध्ये अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचे स्थान विशेष आहे. तिच्या जीवनाविषयी समकालीन पुरावा उपलब्ध नाही. तिच्या उपासनेचा सुमारे हजार वर्षांचा इतिहास मात्र पुराव्यांनिशी मांडता येतो. संताचे चरित्र आणि संताची उपासना यांचा विचार इतिहासलेखनात स्वतंत्रपणे का करावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. गोव्याच्या इतिहासाशी तिचे नाव निगडित असल्याने मराठी अभ्यासकांनाही हा विषय जवळचा आहे.

चरित्रकथा

परंपरेनुसार कॅथरिन ही उच्चकुलीन व विद्यासंपन्न कुमारिका होती. चौथ्या शतकाच्या प्रारंभी ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना तिने सम्राट मॅक्सेंटियसला जाब विचारला. सम्राटाने पाचारण केलेल्या ५० तत्त्वज्ञांना तिने वादात निरुत्तर केले व त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिला देहदंड देण्यासाठी आणलेले खिळ्यांचे चक्र मोडून पडले. अखेर तिचा शिरच्छेद करण्यात आला. देवदूतांनी तिचा देह सिनाय पर्वतावर नेला, अशी श्रद्धा आहे.

ऐतिहासिकतेचा प्रश्न

या कथेतील अडचणी उघड आहेत. मॅक्सेंटियसची सत्ता इटली व आफ्रिका प्रांतावर होती. इजिप्त मॅक्सिमिनस डायाच्या अमलाखाली होते. समकालीन इतिहासकार युसेबियस याने मॅक्सिमिनसला न जुमानणाऱ्या अलेक्झांड्रियातील एका विदुषीचा उल्लेख केला आहे. परंतु तो तिचे नाव देत नाही, आणि तिला मृत्युदंड नव्हे तर हद्दपारी झाल्याचे सांगतो. इ. स. ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने ठार केलेल्या हायपेशिया या तत्त्वज्ञ स्त्रीच्या स्मृतीचे रूपांतर या कथेत झाले असावे, असेही काही अभ्यासकांनी सुचविले आहे. हे अनुमान सिद्ध झालेले नाही. तथापि ते ग्राह्य धरल्यास, मारल्या गेलेल्या विदुषीचे गुण मारणाऱ्यांच्याच धर्मातील संताला लाभले, असे म्हणावे लागते.

उपासनेचा विस्तार

सिनाय येथील मठ सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात उभारला. त्याचे चर्च प्रारंभी मरियेला अर्पण केलेले होते. कॅथरिनचे नाव मठाला नंतरच्या काळात मिळाले. अकराव्या शतकात फ्रान्समधील रूआं येथे तिचे अवशेष असल्याचे मानले जाऊ लागले आणि पश्चिम युरोपात तिची उपासना वाढली. विद्यार्थी व तत्त्वज्ञ तिला आपली आश्रयदात्री संत मानू लागले. ज्या मध्ययुगीन विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश नव्हता, तेथेच एका वादपटू स्त्रीची उपासना होत होती, हा विरोधाभास लक्षणीय आहे. १४३१ च्या खटल्यात जोन ऑफ आर्कने आपणास कॅथरिनची वाणी ऐकू येत असल्याचे सांगितले होते.

गोवे

अफोन्सो द आल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवे शहर जिंकले, तो दिवस कॅथरिनच्या सणाचा होता. या विजयानंतर शहरातील मुसलमानांची कत्तल झाली; आल्बुकर्कने पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रातच तिचा वृत्तान्त आहे. विजयाच्या स्मरणार्थ बांधलेल्या कॅथरिनच्या छोट्या चॅपेलला १५३४ मध्ये कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. पुढे १५६२ मध्ये सध्याच्या से कॅथेड्रलचे बांधकाम सुरू झाले. तेही तिलाच अर्पण केलेले असून मुख्य वेदीवर तिच्या जीवनातील प्रसंग कोरलेले आहेत. तिचे चक्र पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हातही समाविष्ट झाले. शब्दाने जिंकणारी संत येथे शस्त्राने मिळविलेल्या विजयाची खूण ठरली, आणि त्यास कारण केवळ पंचांगातील योगायोग होता.

समारोप

१९६९ मध्ये ऐतिहासिक पुराव्याच्या अभावी रोमन दिनदर्शिकेतून कॅथरिनचा दिवस वगळण्यात आला. २००२ मध्ये तो ऐच्छिक स्मृतिदिन म्हणून पुन्हा समाविष्ट झाला. कॅथरिन झाली की नाही, या प्रश्नाचे उत्तर काहीही असले तरी सिनाय, रूआं व गोवे येथील तिची उपासना ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. प्रत्येक समाजाने आपल्या गरजेनुसार तिला अर्थ दिला. म्हणून उपासनेची साधने संताच्या चरित्रापेक्षा उपासकांच्या इतिहासाची साधने म्हणून अधिक विश्वसनीय ठरतात. गोव्यापुरते बोलायचे तर, या साधनांच्या अभ्यासात वेदीवरील शिल्पांइतकेच १५१० च्या कत्तलीलाही स्थान देणे आवश्यक आहे.