कुंब्रीतला ‘ब’

फलटणच्या रानात शेत जागचं हलत नाही, हलतं ते खत. दिवाळी सरली की इकडचे हटकर धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणातल्या कापलेल्या खाचरांत ती रात्री बसवतात आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. याच सातारा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जावळी-पाटणच्या डोंगरउतारांवर, उलटा कारभार होता. तिथे शेतच खताच्या मागे फिरायचं. फलटणला वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला त्याच्या दहापटीहून जास्त. तिकडच्या उतारावर टाकलेलं खत एका आषाढात वाहून जाणार. मग खत नेण्यापेक्षा जंगलाने साठवलेलं जागेवरच जाळून घ्यावं, हा हिशेब. त्या शेतीचं नाव कुमरी.

रीत थोडक्यात अशी. हिवाळ्यात उतारावरची झाडोरी तोडायची, उन्हात वाळू द्यायची, मृगाआधी पेटवायची आणि पावसाबरोबर त्या राखेत नाचणी धरायची. पुढच्या वर्षी वरी किंवा सावा. दोन-तीन वर्षांत जमीन थकली की ती सोडून शेजारचा उतार, आणि पहिल्यावर रान माजलं की पुन्हा तिकडे. राब भाजणं हे याच कुळीतलं, फक्त तिथे फांद्या तोडून शेताकडे आणतात आणि जाळतात. शाळेच्या भूगोलात मात्र फिरती शेती म्हटली की ईशान्येची झूम शिकवतात. साताऱ्याच्या पोरांना आपल्याच जिल्ह्यातली कुमरी तक्त्याच्या कोपऱ्यात भेटते.

मला ओढ लागली ती शब्दाची, आणि त्याला कारण एका जातीचं नाव. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात एक समाज आहे, ‘कुंब्री मराठी’. घाटातल्या रानात राहणारे, घरात मराठीची एक बोली बोलणारे, परंपरेने कुमरी करणारे लोक. शेतीची पद्धत आणि भाषा, दोन्ही त्यांच्या नावात आहेत. आणि त्यात एक ‘ब’ आहे, जो आपल्या कुमरीत नाही.

हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाच्या, विल्यम क्रुकने वाढवलेल्या १९०३ च्या आवृत्तीत हा शब्द कन्नड ‘कुमारी’ म्हणून दिला आहे, पण त्याचं मूळ मराठी ‘कुंबरी’, म्हणजे हलक्या जमिनीचा डोंगरउतार, असं सांगितलं आहे. म्हणजे कानडी मुलखात गाजलेला शब्द मुळात मराठीतून गेला. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला, हे लपवत नाही. पण प्रतिस्पर्धी बरेच आहेत.

पहिला दावा संस्कृतवाल्यांचा: कुमारी, म्हणजे जिला नांगर लागला नाही ती भूमी. ऐकायला गोड, पण टिकत नाही. कुमरीचं रान कोरं नसतंच. त्याच उतारावर दहा-बारा वर्षांनी परत यायचं, यावर तर सगळी पद्धत उभी. हा अर्थ कुणा शहाण्या लेखनिकाने मागाहून चिकटवला असावा.

दुसरा दावा कुणब्यांचा. उत्तर कन्नडमधल्या जोयड्याचे कुणबी कुमरी करत, मग कुणबीवरून कुंब्री का नको? पण कुणबीवरून मराठीने कुणबीक घडवली, कुणबावा घडवला. त्यात ‘री’ कुठून आणायची?

तिसरा दावा जड आहे. तमिळमध्ये ‘कुंपी’ म्हणजे गरम राख, तेलुगूत ‘कुम्मु’ म्हणजे धुमसती राख. ज्या शेतीचा जीव राखेत, तिचं नाव राखेवरून पडणं किती साहजिक! आणि राखेवरून नाव पडलं असेल तर शब्द द्राविडी, मराठीकडे उसना आलेला.

त्यात माझा ‘ब’ही पुरा भरवशाचा नाही. म आणि र शेजारी आले की मराठी जिभेला मध्ये ब घुसवायची खोड आहे: आम्राचा आंबा, ताम्राचं तांबं. म्हणजे मूळ शब्द कुमरी असेल आणि कुंब्रीतला ‘ब’ नुसता घुसखोर असेल, तर कोशातली ‘कुंबरी’ लंगडी पडते.

तरी मी मराठीची बाजू सोडत नाही. ‘ब’ घुसायला म आणि र यांची गाठ पडावी लागते, आणि ती पडायला मधला स्वर गळावा लागतो. कन्नड ‘कुमारी’त तो ठणठणीत आहे, ‘कुमरी’ बोलताना आपण तो गिळतो. ‘ब’ मूळचा असो की घुसखोर, तो मराठी तोंडातच वाढलेला आहे. तमिळच्या राखेपासून कुमरीपर्यंतच्या मधल्या पायऱ्या तर मला कुणी दाखवलेल्या नाहीत.

मग हा शब्द दक्षिणेला नेला कुणी? माझा संशय गवळी धनगरांवर. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी पाळणारा हा समाज महाबळेश्वरापासून थेट उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूरपर्यंत पसरला आहे, आणि तिकडेही मराठी बोलतो. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर लिहिलं. खोऱ्यात भात नि खालच्या उतारांवर फिरती शेती कुणब्यांची, वरच्या सड्यांवर गुरं आणि थोडी फिरती शेती गवळ्यांची, अशी वाटणी होती. भाषा आणि कुमरी दोन्ही घेऊन डोंगराच्या कण्यावरून चालणारं दुसरं कोण होतं? ‘गवळ्यांचा मुख्य धंदा दुधातुपाचा, शब्द पसरवायचा तर कुणब्यांनीच’ असा आक्षेप घेता येईल. असेल. पण कुणबी खोऱ्याला बांधलेला, आणि बहुतेक खोरी घाटात आडवी पडतात.

पुढचा इतिहास ठाऊक आहे. ब्रिटिश वनाधिकारी ह्यू क्लेगहॉर्नने १८६१ च्या पुस्तकात कुमरीला जंगलाचा शत्रू ठरवलं, साहेबाच्या जंगलखात्याची तीच धारणा राहिली, आणि १९२७ च्या वन कायद्याच्या दहाव्या कलमाने फिरती शेती हा हक्क नव्हे, सरकारने आवळावी किंवा बंद करावी अशी सवलत आहे, असं लिहून टाकलं. मग जावळी-पाटणच्या खोऱ्यात कोयना धरण आलं. फलटणच्या जाई निंबकर आणि त्यांच्या आई इरावती कर्वे यांनी तिथल्या विस्थापितांची पाहणी केली. डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये छापली. भाताची खाचरं पाण्याखाली गेली, आणि जे खोऱ्यातच राहिले त्यांना राहिला तो वरचा उतार. १९८५ मध्ये त्या उतारांवर कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. सातबारावर अजून ‘वरकस’ भेटते: हलकी, वरची, राबाला नि नाचणी-वरीला लागणारी जमीन. कोशाने ‘कुंबरी’चा दिलेला अर्थ जवळजवळ हाच आहे.