काही होत नाही, मग तपासणी कशाला?

'स्क्रीनिंग'ला मराठीत आपण 'तपासणी' म्हणतो. आणि घोळ इथेच सुरू होतो, कारण तपासणी करायची ती आजारी माणसाची! 'मला काही होत नाही, मग कशाला?' हा बायकांचा प्रश्न त्यामुळे अगदी रास्तच. 'गर्भाशयमुख' तर पुस्तकातलं. घरात म्हणतात 'पिशवीचं तोंड', तेही हळू आवाजात.

१९९८ साली टाटा मेमोरियलने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक मोठा प्रयोग सुरू केला. सुमारे दीड लाख बायका, वय ३५ ते ६४. निम्म्या जणींना आधी कॅन्सरची माहिती, मग तपासणी. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिड लावायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं, बस्स. ८९ टक्के बायका आल्या. २०१३ साली निकाल जाहीर झाला: या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी!

तुलनेसाठीच्या गटाला मात्र तपासणी मिळाली नव्हती. त्यावर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

असो. आज रात्री आईला फोन कराल तेव्हा हे सांगून पाहा. कुठले शब्द वापराल?